पातळ पत्र्याचं मशीन

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू एवढी तडतडलीस आणि मी नुसती हं हं करत राहिले, त्याचा तुला राग आला असणार. अगं, काय बोलणार? घरात फोन आला की तो स्पीकरवर लावायचा, असा बाबांचा फतवा आहे, आणि स्वारी शेजारी कान टवकारून बसलेली. म्हणून हे पत्र. बाबांना वेल्डिंगचं मशीन घेऊ देऊ नकोस, एवढंच तू फिरून फिरून सांगत होतीस. डॉक्टरांनीही बजावलंय, छातीत पेसमेकर आहे, वेल्डिंगच्या आसपासही फिरकायचं नाही, त्या करंटनं आतलं यंत्र बिघडलं तर माणूस जागच्या जागी कोसळेल. मला सगळं पाठ आहे गं बाई. पण तुझ्या बापाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तुला मी शिकवायला नको.

तू ऑपरेशननंतर आठवडाभर राहून गेलीस, पुढचं तू पाहिलं नाहीस. उभा जन्म चेपलेल्या गाड्या सरळ करण्यात गेलेला माणूस, गॅरेज दुसऱ्याच्या हाती देऊन खिडकीशी बसला. चहा दिला तर ठेव तिथे. जेवण म्हणजे दोन घास चिवडायचे. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून झोपल्याचं सोंग. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकलं, म्हटलं निदान ओरडतील तरी. मुकाट्यानं गिळली. लग्न झाल्यापासून ज्यांनी एक दिवस माझ्याशी भांडल्याशिवाय काढला नाही, ते भांडेनासे झाले. ठमे, मी तेव्हा जेवढी घाबरले ना, तेवढी ऑपरेशनच्या दिवशीही नव्हते घाबरले.

मग एके सकाळी आपली जुनी गाडी धुताना दाराखालच्या पत्र्याचा पोपडा माझ्या हातात आला. मी आपली सहज बोलले. हे उठले, चप्पल न घालता बाहेर गेले, स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहिलं तर पेन्सिल जाईल एवढं भोक. गंजानं आतून पार पोखरलंय, म्हणाले, आणि हसले! त्या दिवशी दोनदा भात मागितला. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं, घरीच एक लहानसं मशीन घेऊ, लहान मशीन, लहान करंट, त्यानं काय होतंय. मी डॉक्टरांना गुपचूप विचारलं. ते म्हणाले, मी हो म्हणणार नाही. धोका किती, ते मात्र नेमकं सांगेनात. डॉक्टरांचे हात वर, तू फोन ठेवून मोकळी, आणि घरात यांच्यासमोर मी एकटी.

मशीन बघायला गेलो तर तमाशाच झाला. दुकानात दिवसभर कुणी ना कुणी मशीन चालवून बघत असतं, म्हणून यांना आत जाता येईना. तेवढी अक्कल शाबूत होती, देवाची कृपा. मग हे रस्त्यापलीकडे उभे आणि मी प्रश्न घेऊन आत, उत्तर घेऊन बाहेर. दुकानदाराला वाटलं, वेल्डिंग मीच करणार. बिचाऱ्यानं मला खुर्ची दिली आणि केस घट्ट बांधत चला म्हणून सल्लाही दिला. मग मशीनं दाखवत सांगू लागला, लोखंडी काडी वितळवून जोडायचं ते काडीचं मशीन सुटसुटीत, पण ते फाटकाच्या जाड लोखंडाला; गाडीच्या पातळ पत्र्याला लावलं की चाळण. काडीऐवजी वायर वितळवणारं, पण बिनगॅसचं, फार ठिणग्या थुंकतं. गॅसची टाकी जोडायचं, बारीक वायरचं घ्या, म्हणाला, टिपका इथे, टिपका तिथे, थांबत थांबत करायचं, म्हणजे पत्रा वाकत नाही. पलीकडे जाऊन सांगितलं तर हे खुलले, माणूस जाणता आहे म्हणाले. शेवटचा प्रश्न घेऊन मला पाठवलं, ते मशीन आपल्या घरच्या प्लगवर चालेल का, आणि म्हणाले, चालत नसेल तर सोड, पुन्हा नाव काढणार नाही.

दुकानदार म्हणाला, चालेल की.

मी बाहेर आले. नाही चालत, एवढंच म्हणायचं होतं. त्यांना आत जाऊन विचारता येणार नव्हतं, आणि माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतलेली नाही. रस्ता ओलांडताना मी ते दोन शब्द तोंडात घोळवत होते. समोर हे, इस्त्रीचा शर्ट घालून, टाचा उंचावून दुकानाच्या काचेतून काही दिसतंय का बघत होते. अगं, दाढी केली होती त्यांनी. आणि मला वाटलं, हो म्हटलं तर कदाचित जातील, नाही म्हटलं तर खिडकीत बसून, माझ्या डोळ्यांदेखत, थोडे थोडे जातील. मी म्हटलं, चालतंय.

शनिवारी मशीन घरी येतंय. तुझी परवानगी मागत नाहीये, ती तू देणार नाहीस. पण उद्या काही बरंवाईट झालं तर सगळे म्हणतील, म्हातारा हट्टी होता, कुणाचं ऐकलं नाही. तूही तेच म्हणशील. ते खरं नाही, ठमे. त्या दिवशी ते माझं ऐकायला तयार होते. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं, मला एकटीला पेलवत नाही. मला हवं ते बोल, पण शनिवारच्या आत ये.

तुझीच,
आई