मामांची दुनळी आणि तुमचं मशीन

तीर्थरूप मामींना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या कागदावरच समजावा. घरात अजून बोटभर चिखल आहे, आडवा झालो तर उठवायला कोणी नाही.) लेकीच्या घरी, ताईकडे, तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, त्यावरून गुडघा बरा असून राग तसाच आहे, असं मी धरून चालतो. मामा ठीक आहेत. म्हणजे सकाळी ठीक असतात. मग स्वतःच्या हाताने चहा करून पितात, त्यानंतर ठीक नसतात.

तुमचा राग रास्त आहे, हे आधीच लिहून टाकतो. पुराच्या दिवशी बोटीतला माणूस ओरडला, माणशी एकच वस्तू घ्या. तुमच्या हातात कागदपत्रांची पिशवी होती, माझ्या हातात उशी होती (का, ते मला अजून कळलेलं नाही), म्हणून तुम्ही मामांना म्हणालात, मशीन तेवढं घ्या. आणि मामा आत जाऊन बाहेर आले ते दुनळी बंदूक घेऊन! ज्या मशीनवर तुम्ही चाळीस वर्षं साऱ्या गल्लीचे कपडे शिवलेत ते बुडालं, आणि भिंतीवर टांगून धूळ खाणारी ती बया बोटीत ऐटीत बसली. पण मामी, वर कोणीतरी बघत असतं. काठाला लागतो न लागतो तोच हवालदार पुढे आला. पूर ओसरून सगळं स्थिरस्थावर होईपर्यंत लोकांच्या खासगी बंदुका पोलिसांत जमा करायचा हुकूम निघाला होता. बंदूक मामांच्या मांडीवर जेमतेम पाव तास टिकली. त्या पाव तासासाठी तुम्ही बोलणं टाकलंत आणि काठावरूनच ताईकडे निघून गेलात.

पोलीस ठाण्यात पाणी शिरल्यामुळे ठाणंच आमच्या शाळेत आलंय, आणि शाळेचा कारकून मीच, त्यामुळे किल्ल्या माझ्याकडे. गावातल्या एकेचाळीस बंदुका चित्रकलेच्या वर्गात दप्तरांच्या खुंट्यांना टांगल्यात. (मागे भिंतीवर चौथीच्या मुलांनी काढलेले ससे.) ठाण्याचे कारकून फार टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी प्रत्येक बंदुकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधली, मोत्यासारख्या अक्षरात, शाईच्या पेनाने. मग चिखलाने बरबटलेल्या बंदुका त्यांना बघवेनात, म्हणून त्यांनी चिठ्ठ्यांसकट त्या नळाखाली धुऊन काढल्या. बंदुका लख्ख झाल्या आणि मालक पुसले गेले. रजिस्टर म्हणाल तर ते ठाण्याच्या कपाटात तळाला होतं, त्याचा लगदा झालाय. परवानेही निम्म्या गावाचे वाहून गेले. आता करणार काय? नवा हुकूम निघाला, मालकांनी येऊन खूण सांगावी आणि आपापली बंदूक ओळखावी.

मग काय विचारता! दातांच्या डॉक्टरांनी तीन बंदुका आपल्या म्हणून ओळखल्या, तिन्ही महागातल्या. बेकरीवाल्याला एकही ओळखता आली नाही, तो म्हणाला, कुठलीही द्या, खिळा रिकामा आहे. आपले मामा मात्र तडक दुनळीपाशी गेले आणि दस्त्यावरच्या खाचेवर हात फिरवून म्हणाले, ही रानडुकराच्या सुळ्याची खूण. झालं. रांग थांबली आणि डुकराची गोष्ट सुरू झाली. मागच्या वर्षीपर्यंत ते डुक्कर मोठ्या कुत्र्याएवढं होतं, या वेळी ते म्हशीला भारी होतं. दोन बारांत आडवं केलं म्हणे. गोष्ट नेहमीसारखी रंगेना, कारण मध्येमध्ये "हो ना!" म्हणायला तुम्ही नव्हतात. (ती खाच तुम्ही कपाट सरकवलंत तेव्हाची आहे, हे मला माहीत आहे. मी अळीमिळी गुपचिळी.)

पुढचं जरा नाजूक आहे. बंदुका तपासायला आलेल्या मिस्त्रीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "साहेब, तुमच्या मामांच्या बंदुकीतून जन्मात गोळी सुटलेली दिसत नाही." काडतुसावर ठोका मारणाऱ्या दोन बारीक पिनाच आत नाहीत, आणि दोन्ही नळ्यांत चिंधी कोंबलेली. चिंधी त्याने माझ्या हातात ठेवली. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. आपल्या स्वयंपाकघराचे जुने पडदे तसेच होते ना, मामी? शिवाय चिंधीला चारी बाजूंनी दुमडून टीप घातलेली. चिंधीलाही टीप घालणारी बाई या गावात एकच.

आता नियम असा, की अपुरी बंदूक मालकाला परत मिळत नाही, ती शुक्रवारी वितळवायला जाते. वर एक फॉर्म आहे, त्यात विचारलंय, शेवटचा बार कधी काढला? मामांनी तो फॉर्म तीन दिवस उशीखाली ठेवलाय. (उशी माझीच, अखेर ती कामाला आली.) जेवायला बसले की भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघतात. मला खरंच वाईट वाटतं हो. पण मी काही मागायला लिहीत नाहीये, नुसती खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुमचा,
भाचा

ता.क. पिना तुम्ही टाकल्या नसणार. तुम्ही तुटकं बटणसुद्धा टाकत नाही. आणि बटणांचा डबा पिशवीत घालताना मी तुम्हाला पाहिलंय. गुरुवारपर्यंत पोचतील अशा बेताने पाठवा. मामांना यातलं काहीही कळता कामा नये, या वयात त्यांना ते सोसणार नाही.

आणखी ता.क. मला शाळा सोडता येत नाही, म्हणून पत्र टाकायला मामांकडेच देतोय. काळजी नसावी, पाकीट घट्ट चिकटवलंय.

आणखी एक ता.क., पण हे अक्षर माझं, भाच्याचं नव्हे. पाकीट चिकटलेलं नव्हतं. पुराच्या ओलीने डिंक गेलाय, आणि हा शहाणा शाळेत कारकून आहे.

अगं, पिना डब्यात तळाशी आहेत, कोटाच्या बटणांखाली, कापसात गुंडाळलेल्या. डुक्कर खरं होतं. मी दोन्ही चाप ओढले, काही झालं नाही, मग झाडावर चढलो. घरी येऊन बंदूक उघडली, मग तुझा डबा. तुला फाडून खाणार होतो. पण पोरगी तेव्हा रांगत होती, बंदुकीखालीच खेळत होती. चिंधी परत कोंबली आणि गप्प बसलो. तू दर वेळी "हो ना!" म्हणायचीस, म्हणून सांगत राहिलो.

फॉर्म आज भरून दिला. कधीच नाही, असं लिहिलं. हवालदार हसला. हसू दे. पिना पाठवू नकोस, जाऊ दे ती वितळायला.

त्या दिवशी आधी मशीनच धरलं होतं. दोनदा ओढलं, उचलवलं नाही मला. रिकाम्या हाताने तुझ्यासमोर यायची लाज वाटली, म्हणून जे हाताला लागलं ते घेतलं. मशीन आता चिखलातून काढलंय. बंदुकीचं तेल उरलं होतं, ते त्याला घातलं. चालतंय. टीप वाकडी येते, पण तो दोष माझा.

स्वयंपाकघराला पडदे नाहीत. खिडकीचं माप घेऊन ठेवलंय. येताना निळं कापड आण.