चौदा चिठ्ठ्यांचा खोका

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय, तळमजला
(खिडकी क्र. ४ मार्फत)

विषय : जुन्या स्पोर्ट्स कारचे काढून ठेवलेले व नंतर जप्त झालेले सुटे भाग परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची जप्ती पावती, दि. ३ जून
२) आपली पत्रे, दि. २८ जून व दि. १९ ऑगस्ट
३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज

महोदय,

अर्जदार हा पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात सव्वीस वर्षे कारकून आहे. लोकांचे अर्ज घेणे, त्यावर शिक्का मारणे आणि त्रुटी काढून ते परत करणे हेच त्याचे काम. त्यामुळे या चौथ्या अर्जाचे पुढे काय होणार हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक आहे. तिसरा अर्ज आपल्याकडे सापडत नाही, याबद्दलही त्याची तक्रार नाही. असे अर्ज कुठे जातात ते त्याने पाहिलेले आहे. तरीही तो लिहीत आहे, कारण दुसरे काही करण्यासारखे उरलेले नाही.

१. सदर गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल रंगाची असून चौतीस वर्षांची आहे. ती अर्जदाराच्या वडिलांची. वडिलांनी चाळीस वर्षे गॅरेज चालवले. अपघातानंतर एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेली ही गाडी त्यांनी सहा वर्षे, रविवारचे रविवार खपून उभी केली. पॅडलवर पाय नसताना, गाडी उभी असताना इंजिन आपापले चालत राहते, त्याला गॅरेजात 'स्लो' म्हणतात. या गाडीचा स्लो असा होता की बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला तरी थेंब सांडत नसे. यात अर्जदाराची अतिशयोक्ती नाही. वडील गिऱ्हाइकांना खरोखर पेला ठेवून दाखवत आणि मग तेच पाणी पीत.

२. गेल्या मार्चमध्ये अर्जदाराच्या मेहुण्यांनी बॉनेट उघडून पाहिले. मेहुण्यांचे इंजिनाविषयीचे ज्ञान त्यांच्या मोबाईलच्या पडद्याएवढे आहे, परंतु त्यांचा आवाज मोठा आहे. त्यांचे शब्द जसेच्या तसे असे : "दाजी, धूर कमी करायला कंपनीने गळ्यात बांधलेलं लोढणं आहे हे सगळं. काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल." यावर वडील म्हणाले, "इंजिनाला नाक नसतं." अर्जदाराने मात्र मेहुण्यांचे ऐकले. तेव्हा वडील खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "काढायचं तर काढ, पण टाकू नकोस. एकेक माझ्या हातात दे." धूर परत इंजिनात फिरवणारी झडप, हवेचा पंप, पेट्रोलची वाफ शोषून घेणारा डबा आणि अकरा रबरी नळ्या, असे चौदा नग निघाले. प्रत्येकाला वडिलांनी जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठी लिहून दोऱ्याने बांधली आणि सगळे नग एका खोक्यात ठेवले.

त्यानंतर इंजिनाने मोकळा श्वास घेतला तो चाळीस सेकंद. स्लो आपोआप चढतो, मग पडतो, पुन्हा चढतो आणि गाडी आचका देऊन बंद पडते. पाच मेकॅनिकांनी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून हात टेकले. पाचही जणांचे म्हणणे एकच पडले, की जे काढले ते जिथून काढले तिथेच परत लावा. मेहुणे तेव्हापासून घरी आलेले नाहीत.

३. भाग परत लावायला बसायचे, तर आठव्या दिवशी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. पुढचे दोन महिने दवाखान्यात गेले आणि गाडीच्या तपासणीची तारीख येऊन ठेपली. दि. ३ जून रोजी अर्जदार प्रत्येक सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबून धरत आपल्या आवारात पोचला. पंधरा दिवसांची मुदत मागावी, एवढाच हेतू होता. आपल्या निरीक्षकांनी त्याला काहीही विचारलेले नव्हते. त्यानेच डिकी उघडली आणि खोका काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. मागणीसोबत पुरावा जोडावा, ही सव्वीस वर्षांची खोड. निरीक्षकांनी खोक्याकडे पाहिले, अर्जदाराकडे पाहिले आणि पावतीवर लिहिले : "धूर-नियंत्रण यंत्रणेशी छेडछाड. पुरावा : एक खोका."

अर्जदाराच्या पत्नीने त्या दिवशी विचारले, "तुम्हाला मागितलं कोणी होतं?" या प्रश्नाचे उत्तर अद्याप प्रलंबित आहे.

४. आपले दि. २८ जूनचे पत्र सांगते की, गाडी तपासणीत पास झाल्यावर खोका परत मिळेल. गाडी पास होण्यासाठी खोका लागतो. शिवाय चाचणीसाठी इंजिन दोन मिनिटे स्लोवर चालावे लागते व ते चाळीस सेकंदांत बंद पडते; म्हणून गाडी नापासही होत नाही, "चाचणी झाली नाही" असा शेरा पडतो. अपील फक्त नापास गाडीला करता येते. आपण कृपा करून नापास करावे, अशी तोंडी विनंती अर्जदाराने केली होती. ती नामंजूर झाली.

५. नवीन भाग घ्यावेत तर गाडी बनवणारी कंपनी बंद पडून बरीच वर्षे झाली. कंपनी बंद असल्याबाबत त्याच कंपनीचे पत्र आणावे, असे आपल्या कार्यालयाने सुचवले. दि. १९ ऑगस्टच्या पत्रात दुसरा मार्ग आहे : पडून राहिलेल्या जप्त मालाचा लिलाव मार्चमध्ये होतो, त्यात अर्जदाराने बोली लावावी, मात्र घेतलेला माल कोणत्याही वाहनास बसवणार नाही, असे हमीपत्र द्यावे. इतके सुबक वाक्य अर्जदाराच्या हातून सव्वीस वर्षांत उतरलेले नाही.

६. आता मार्चपर्यंत थांबता का येत नाही, ते. झटक्यापूर्वी वडील रोज संध्याकाळी सहाला गाडीत बसत, स्लो लावत, डॅशबोर्डवर हात ठेवत आणि पाच मिनिटांनी उतरून जेवायला येत. दवाखान्यातून आणल्यावर त्यांना बरे वाटेल म्हणून अर्जदाराने व पत्नीने त्यांना उचलून गाडीत बसवले आणि इंजिन चालू केले. स्लो चढला, पडला. वडिलांना घाम फुटला. ते डाव्या हाताने दार उघडू लागले. गाडी बिघडली आहे आणि कोणी बघत नाही, असे त्यांना वाटत असावे. गाडी बंद पडल्यावर त्यांनी अर्जदाराकडे पाहिले. ते पाहणे अर्जदार विसरू शकत नाही.

तेव्हापासून गाडी चालू केलेली नाही. पण सहा वाजले की वडील डावा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर ठेवतात आणि वाट बघतात. सातच्या सुमारास काढून घेतात. परवा डॉक्टरांनी तपासले आणि पुढची तारीख दिली नाही. तारीख न देण्याचा अर्थ कारकुनाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या गाडीवर त्यांनी सहा वर्षे घालवली ती माझ्या, म्हणजे अर्जदाराच्या, हातून एका दुपारी बिघडली. त्यांनी तिचा स्लो एकदा नीट ऐकावा, एवढ्यासाठी हे सगळे चालले आहे.

७. आपले भांडारपाल सज्जन आहेत. त्यांनी जाळीतून खोका दाखवला. तो दुसऱ्या फळीवर, बरोबर एसीच्या खाली आहे आणि त्यावर पाणी ठिबकते. चिठ्ठ्या शाईपेनाने लिहिलेल्या आहेत, कारण बॉलपेनवर वडिलांचा विश्वास नव्हता. वरची चिठ्ठी शाई फुटून निळी झालेली जाळीतूनही दिसते. ती पाच नंबरची असावी. तिच्यावर लिहिले होते : "कार्ब्युरेटरच्या मागे, खालची तोटी. वरची नव्हे. तू वरचीच म्हणशील म्हणून लिहिले." नळ्या सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या आहेत. चिठ्ठ्या गेल्या तर कुठली कुठे हे सांगणारे कोणी राहणार नाही. सांगणाऱ्याला आता बोलता येत नाही. खोक्यात तेरा चिठ्ठ्या आहेत. चौदावी गाडीतच गळून पडली होती, ती सापडली.

तरी विनंती की,
(अ) खोका परत मिळावा.
(ब) ते शक्य नसल्यास फक्त झडप, पंप, डबा व चिठ्ठ्या मिळाव्यात. नळ्या बाजारात मिळतात.
(क) तेही शक्य नसल्यास जाळीबाहेर उभे राहून चिठ्ठ्या उतरवून घेऊ द्याव्यात. त्या भांडारपालांनी धराव्यात, अर्जदार हात लावणार नाही.
(ड) यांपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर खोका वीतभर डावीकडे सरकवावा. भांडारपाल तयार आहेत, पण जप्त माल हलवण्यास त्यांना आपला लेखी आदेश लागतो.

रोज दुपारच्या सुट्टीत खिडकी क्र. ४ समोर उभा राहणारा,

आपला नम्र
(सही)
अर्जदार
दि. २१ नोव्हेंबर

सोबत :
१) जप्ती पावतीची प्रत.
२) आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती.
३) डॉक्टरांचा दाखला. (मागितलेला नाही.)
४) चिठ्ठी क्र. १४ ची छायाप्रत. मजकूर : "ही शेवटची. ही बसली की स्लो आपोआप लागेल. लागला की मला हाक मार." मूळ चिठ्ठी अर्जदाराच्या खिशात आहे. पडताळणीसाठी ती दाखवली जाईल, जमा केली जाणार नाही.