पहिल्या पसंतीचं गाव

गुरुवार, संध्याकाळ

आज सायलीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि नेमका आजच वॉशिंग मशीनचा नळ तुटला. घरभर पाणी. सायली लॅपटॉप घेऊन पलंगावर चढली आणि हे पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून उभे. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडून छतावर हलत होतं. क्षणभर वाटलं, खाडीच घरात आलीय.

"आई, पहिली पसंती काय टाकू?"

तिला मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला जायचंय. मला ती इथेच, डोळ्यांसमोर हवी होती. महिनाभर हाच वाद. जे गाव सोडून आम्ही भाईंदरला आलो, तिथेच ही का निघालीय?

पण छतावरचं ते हलतं ऊन ती किती शांतपणे बघत होती! पाण्याची एवढी ओढ असलेल्या पोरीला आताच थांबवलं तर...?

"रत्नागिरी टाक," मी म्हणाले.

अंगठा न काढता हे म्हणाले, "सोडायला मी येणार हं, सायले."

तिने बटण दाबलं. प्लंबर येऊन गेला, फरशी पुसून झाली. मी मात्र मनाने केव्हाच होस्टेलच्या खोलीत पोचलेय आणि तिची गादी खिडकीपाशी घालतेय.