कॅबिनेट की मखर

१७ ऑगस्ट, रवि.
नव्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणलं. कॅनडा कॉर्नर चौकातला दुकानदार म्हणाला, "मॅडम, या बजेटात तीन पंखे, काच, लायटिंग. अजून काय पाहिजे?" पत्रा पाहिजे होता. बाजूचं झाकण दोन बोटांनी दाबलं की डब्यासारखं टपटपतं. मागच्या पट्ट्या एकदा तोडल्या की परत लावता येत नाहीत. आतली एक कड इतकी धारदार की अंगठा कापला. पुढची जाळी बरी, हवा येईल. काच सुरेख. एवढी काच देतात आणि पत्र्यात का हात आखडतात, कळत नाही.
मदरबोर्ड या आठवड्यात येईल. तोवर लॅपटॉप. गंगापूर रोडच्या बंगल्याचे थ्रीडी व्ह्यू, ऑफिस सोडल्यापासूनचं स्वतःचं पहिलं काम. एका खोलीला लॅपटॉप अख्खी दुपार खातो आणि शेवटी मान टाकतो.

१९ ऑगस्ट, मंगळ.
लाइट तपासले. जुना पॉवर सप्लाय जोडला, हिरवी-काळी वायर पिनेने जोडली की मदरबोर्डाशिवायही चालतो. वरच्या बटणाने रंग बदलतात. लाल बरा. निळा डोळ्यात खुपतो. पांढरा म्हणजे फिका जांभळा. पिवळा हिरवट, आणि मधला पंखा त्यातही स्वतःचा वेगळाच पिवळा दाखवतो. लाइट बंद करायची सोय नाही. परत चालू केलं की सगळे रंग पळत सुटतात.
बाबा दारात उभे. कंपवात निघाल्यापासून माझ्या खोलीकडे फिरकत नाहीत, उजवा हात कायम खिशात. "आत काय बसवणार?" सांगितलं. "आणि आत्ता रिकामंच?" हो म्हटलं. गेले.

२१ ऑगस्ट, गुरु.
कॅबि. खोलीत नाही! हॉलमध्ये टीपॉयवर, आणि बाबा टेप लावून मापं घेतायत. टेप थरथरतेय. "सहा इंची मूर्ती आरामात बसते. खाली हा पत्र्याचा कप्पा आहे ना, तोच चौरंग." कप्पा म्हणजे पॉवर सप्लायचं झाकण.
दर वर्षी मखर बाबांचं. पुठ्ठ्याचे खांब, महिरपी, कॉलनीतले लोक खास बघायला यायचे. गेल्या वर्षी कटर धरवेना म्हणून आईने तयार मखर आणलं, तर आरतीला त्यांनी मान वर केली नाही. आणि आज आपणहून टेप. आईने स्वयंपाकघरातून खूण केली, गप्प बस. बसले.
मदरबोर्ड आलाय. खोक्यातच आहे.

२५ ऑगस्ट, सोम.
त्या धारदार कडेला बाबांनी सोनेरी लेस चिकटवलीय. वाकडी, पण हात कापत नाही. कंपनीला जे जमलं नाही ते केलं. फक्त वायरी जायची जागा बुजली. "बाबा, केबल कुठून नेऊ?" "ते नंतर बघू गं." नंतर कधी?

२७ ऑगस्ट, बुध.
बाप्पा कॅबिनेटमध्ये बसले. काच काढून ठेवली. आरतीला पंख्याच्या वाऱ्याने निरांजन विझलं, दोनदा. पंखे आणि लाइट एकाच वायरवर, एक बंद तर दुसरंही. आई म्हणे, देवाला उकडत नाही, बंद कर. बाबा म्हणे, लाइट पाहिजेतच. शेवटी बाबांनी पंख्यांत पुठ्ठ्याचे तुकडे अडकवले. "मोटर जळेल हो!" मी म्हटलं. "पाच मिनिटांत काय जळतंय!" मोदकाचं ताट आत मावलं नाही, बाहेरून नैवेद्य.
निफाडची आत्या बघतच राहिली. "दादा, देव्हारा लय झाक हाय. आमच्याकडं आसला मिळत नाय." मग बाबांनी तिला जाळी, काच, हवा कुठून येते कुठून जाते, सगळं हाताने दाखवलं. उजव्या हाताने. हात हलत होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. मी आत जाऊन रडले. आनंदाने की कशाने, ठाऊक नाही.

३१ ऑगस्ट, रवि.
बादलीत विसर्जन. घर ओकंबोकं. कॅबि. मागितलं तर बाबा, "असू दे." आई, "देव बसले होते त्यात. आता त्यात तुझं मशीन?"
गुरुजींना फोन केला. "उत्तरपूजा झाली की मखर म्हणजे नुसतं मखर. पण घरात कुणाच्या मनात किंतु असेल तर नका करू." म्हणजे करू की नको?

३ सप्टें., बुध.
लॅपटॉप दोनदा बंद पडला. बंगल्याच्या मॅडमचा फोन, सोमवारी व्ह्यू नाही मिळाले तर त्या दुसरीकडे विचारतील. गोड आवाजात सांगितलं.
दुसरं कॅबिनेट आणते म्हटलं. बाबा दुखावले. "मग हे काय रिकामं ठेवायचं?" देतही नाहीत, रिकामंही नको. रोज संध्याकाळी बटण दाबून समोर बसतात. पिवळा लावतात, तोच हिरवट.

५ सप्टें., शुक्र.
आईशी भांडले. स्वतःचं पहिलं काम जातंय माझं, डब्यापायी. आई म्हणाली, "सोमवारपासून पितृपक्ष. त्यात नवीन मशीन सुरू करायचं नाही, काय ते आधी कर." "कसं करू? तूच म्हणालीस ना, देव बसले होते!" मग भांडी पुसत म्हणाली, "देवाचं काही नाही गं. त्यांना वाटतं, तू ते खोलीत नेलंस की त्यांचं काम संपलं. म्हणून मी आपली देवाला पुढे करते."
"बाबा असं म्हणाले?"
"नाही. मला वाटतं."
म्हणजे हेही नक्की नाही.

६ सप्टें., शनि.
सकाळी मदरबोर्ड डायनिंग टेबलावर काढला आणि बाबांना म्हटलं, स्क्रू तुम्ही लावा. त्यांनी हाताकडे बघितलं. "आणि घसरला तर?"
घसरला तर बोर्ड गेला. बोर्ड गेला तर काम गेलं. हे मला कळत होतं, तरी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. शहाणपणा केला की मूर्खपणा, अजून ठरत नाही.
मनगट धरायला गेले तर म्हणाले, "धरू नकोस." आईने बॅटरी धरली. मी लेस थोडी सोडवून केबल आत घेतली, ते काही बोलले नाहीत. एकेका स्क्रूला किती वेळ! घामाने त्यांचा शर्ट भिजला. शेवटच्याला घसरलाच. बोर्डावर बारीक ओरखडा, कडेपासून आत. खालची तांब्याची रेघ तुटली की नुसता वरचा रंग गेला, डोळ्यांनी कळत नाही. मी बघितला. बाबांनीही बघितला. तरी तो स्क्रू त्यांनी पूर्ण आवळला.
बाकीच्या वायरी मी लावल्या. आता फक्त बटण दाबायचं राहिलंय. हात धुऊन येते म्हणून आत आले आणि हे लिहीत बसलेय. बाहेरून बाबांची हाक येतेय, "मृणाल, मी दाबू का?"