वहिनीच्या विळीला पाणी

४ फेब्रुवारी, मेहकर
जेवण पुन्हा दीड वाजता. भाऊ गेल्यापासून पंचफुलावहिनीला मी सांभाळते. म्हणजे स्वयंपाक, धुणं, बाजार ती करते आणि मी सांभाळते. म्हणाली, विळी बोथट झाली. मी म्हटलं, विळी नव्हे, तुम्ही बोथट झालात. तर म्हणे, "मंग जातो मी मयुरीकडे, साखरखेर्ड्याले. पोरगी बोलावूनच राह्यली."
जाणार कुठे! माझी सवय आहे तिला.

५ फेब्रुवारी
तरी विळीचा बंदोबस्त करते. निमित्त उरायला नको. विळी तिच्या वडिलांनी जुन्या कानशीची केलेली. म्हणजे टूल स्टील! अडाणी माणसाच्या हातून चुकून चांगला माल.
मी कॉन्व्हेंटची, जन्मभर फिजिक्स शिकवलेलं. पुस्तक काढलं. लाल तापवून ठोकलं की आतले कण बारीक होतात. मग एकदम पाण्यात बुडवलं की पोलाद कठीण. लोहार याला पाणी देणं म्हणतात. पुढे लिहिलंय, नंतर पुन्हा हलकं तापवा, नाहीतर ठिसूळ राहील. कमावलेली कठीणता उतरवायची? वाक्य खोडलं.

७ फेब्रुवारी
शेगडी, भात्याऐवजी हेअर ड्रायर, विळी लालभडक. वहिनीने सांडशीने धरली, मी ठोकली. ठिणग्या तिच्या हातावर उडाल्या. फार नाटक केलं नाही, हे नमूद करते. फ्रिजच्या बर्फाच्या पाण्यात बुडवली. कानस लावून पाहिली, ओरखडा न उमटता घसरली, म्हणजे पोलाद कठीण. यश! शाळेच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली कठीण पोलादात असते ती सूक्ष्म सुईही दिसली, पुस्तकातल्यासारखी.
वहिनी म्हणाली, "ताई, पापणी हाय ते तुमची."
जळते.

८ फेब्रुवारी
वहिनी पालक करणार होती. मी कोहळ्याचा आग्रह धरला. पालक काय, कोणीही कापेल. पहिल्याच फोडीला विळी मधोमध तुटली. टोक तिच्या हनुवटीत. तीन टाके. चूक तिच्या दाब देण्यात होती. डॉक्टरांना समजावलं. त्यांनी मला बाहेर बसवलं.
टाके घालताना रडली नाही. घरी येऊन तुकडे उचलताना रडली. मी म्हटलं, नवी आणू की. म्हणाली, "बापानं केलती ते."

१० फेब्रुवारी
मयुरी येऊन घेऊन गेली. दोन दिवसांत परत येईल. तोवर ब्रेड.

२६ फेब्रुवारी
वहिनीला माफ करायला फोन केला. मयुरी म्हणाली, "आत्या, आई झोपली." सकाळचे अकरा! मागे एक बाई खदखदून हसत होती. तसं हसणं या घरात कधी ऐकलं नाही, त्यामुळे ओळख पटेना.
टीव्हीच असावा.