वर्ग चारचे फिके पेपर

६ मे, सोम. लातूर
सकाळच्या एस.टी.नं आलो. क्लासच्या छपाईखोलीतल्या मोठ्या लेझर मशीनची तीच तक्रार, पानं फिकी. डेव्हलपर मेला होता, म्हणजे टोनर धरून ड्रमपर्यंत नेणारी लोखंडाची बारीक पूड. कंपनीची मिळाली नाही, दुसरी भरली. नवी पूड भरली की सेन्सरला आधी तिची ओळख करून द्यावी लागते, मगच तो तिच्यातला टोनर बरोबर मोजतो. तीनदा केलं. तिन्ही वेळा एरर. छपाई बघणाऱ्या सुनंदाताई मागं उभ्याच. उद्या मोफत प्रवेशाच्या परीक्षेचे पेपर काढायचे होते त्यांना. शेवटी जुन्या पुडीचा आकडा हातानं टाकून दिला. पन्नास पानं काढून बघितली. काळीभोर. तीनची गाडी धरली.

८ मे, बुध. नांदेड
ताईंचा फोन. शेवटचे गठ्ठे जरा फिके निघाले, पण वाचता येतंय, आणि मशीन टोनर पुरेसा दाखवते. मी म्हणालो, दाखवते तर असंल, पुढच्या आठवड्यात येऊन बघतो.
असं बोलायला नको होतं.

१३ मे, सोम. लातूर
मशीन उघडली. पूड चिमटीत घेऊन चोळली, बोटं काळी होईनात. नुसतं लोखंड. टोनर जवळजवळ न्हाईच, आणि सेन्सर म्हणतो भरपूर. आकडा जुन्या पुडीचा, आत पूड हलकी. सेन्सरला लोखंड कमी लागलं, त्यानं टोनर जास्त धरला आणि बाटलीतून सोडायचाच थांबवला. पान निघत गेलं तसं फिकं होत गेलं.
परीक्षेच्या वर्गखोल्यांप्रमाणे बांधलेल्या गठ्ठ्यांतल्या उरलेल्या प्रती मागून घेतल्या. वर्ग एक, दोन ठीक. तीन जरा मळकट. चार…
अक्षरं वाचता येतात, म्हणून कुणाला कळलं नाही. सतराव्या गणितात पाचाच्या आधीचं वजाचं चिन्ह न्हाई. तेविसाव्यात दशांशाचं टिंब न्हाई. वर्ग चारमध्ये छत्तीस पोरं बसली होती.
ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, निकाल परवाच लागलाय.

१४ मे, मंगळ.
लातूरलाच राहिलो. संचालक सरांना सगळं सांगितलं, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून. त्यांनी नीट बघितलं. मग म्हणाले, पेपर तपासून घ्यायला पर्यवेक्षक होते, कुणाची लेखी तक्रार नाही, निकाल आता फिरवता येत नाही. दाराशी आलो तेव्हा म्हणाले,
"मशीन आहे, हनीफभाई. मशीन चुकते. तुम्ही कशाला अंगावर घेता?"
मशीन चुकली न्हाई. मी सांगितलं तेच तिनं केलं.

१६ मे, गुरु. नांदेड
कामावर गेलो नाही. शबानानं दोनदा ताट वाढलं, दोनदा उचललं. काय झालं ते तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, आपली सना त्या वर्गात असती तर?
दुपारी ताईंचा फोन. चार नंबरच्या वर्गातली एक मुलगी एका मार्कानं हुकली. पल्लवी. अर्धापूरची.
अर्धापूर माझ्या घरून अर्ध्या तासावर. लांबची असती तर बरं झालं असतं, असं मनात आलं. लाज वाटली. तरी आलं.

१८ मे, शनि.
अर्धापूरला जाऊन आलो. पल्लवीचे वडील मारोतराव केळीच्या गाडीचं भरणं करून नुकतेच घरी आलेले. पाणी दिलं. मी दोन्ही पानं काढली, सगळं सांगितलं.
त्यांनी दोन्ही पानं उजेडात धरून बघितली. मग सांगू लागले. परीक्षेहून आल्यावर पोरगी म्हणाली होती, आकडे नीट दिसत न्हवते, माझे डोळे गेलेत. पेपरच्या वेळी वर्गावरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आहे ते सोडव. यांनी नांदेडला नेऊन डोळे तपासले. डोळे चांगले निघाले. मग यांना वाटलं, मार्क कमी पडले म्हणून पोरगी बहाणा करते. खोटारडी म्हणाले तिला. तेव्हापासून ती बापाशी बोलत नाही.
ती आतल्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.
"मी खरं सांगत होते," म्हणाली. बापाकडं बघून. माझ्याकडं बघितलंच नाही.
मारोतराव ओरडले असते तर सोसलं असतं. त्यांनी हळूच विचारलं, हे त्या सरांसमोर, आमच्या देखत बोलाल का?
हाव म्हणालो.
परतीच्या रिक्षात हिशोब केला. त्या क्लासच्या सांगण्यावरून लातुरातली आणखी सहा ठिकाणं माझ्याकडं आहेत. ती जातील. वीस वर्षं मशीन उघडून राहिलो, दुसरं काही येत नाही.

१९ मे, रवि.
जबाब लिहायला बसलो. तीनदा फाडला. आधी "सेन्सरमध्ये बिघाड" असं लिहिलं. मग "आकडा चुकीचा पडला". शेवटी लिहिलं, आकडा मी टाकला, एरर माहीत असून टाकला.
ताईंना वाचून दाखवला. माझं नाव घालू नका म्हणाल्या, नोकरी जाईल. बरं म्हणालो. तासाभरानं त्यांचाच फोन. "घाला. शेवटचे गठ्ठे फिके दिसत असून मीच वाटायला दिले."

२० मे, सोम. लातूर
सरांच्या केबिनबाहेर बाकावर. एका टोकाला मी, मग मारोतराव, मग पल्लवी. जबाब आणि पानं आत जाऊन तास झाला. सुनंदाताई आज कामावर आल्यात, पण छपाईखोलीला कुलूप आहे. त्या जिन्यात उभ्या. उठून निघून जावं असं दोनदा वाटलं. गाडी सव्वा वाजता आहे.
पल्लवीनं आत्ता पहिल्यांदा माझ्याशी बोलून विचारलं, वर्ग चारमधल्या बाकीच्या पस्तीस जणांना हे कुणी सांगितलंय का.
न्हाई म्हणालो.
दार उघडलं. शिपाई म्हणतो, फक्त मेकॅनिक आत.
मारोतराव उठलेत. पल्लवी पण.