आतली कडी

प्रिय भोंगाबाई,

शेवटच्या थांब्यावरच्या बायकांच्या नव्या संडासाला आज आतून कडी बसली. सुतारकाकांनी स्वतः लावून-काढून दाखवली आणि म्हणाले, आता वादळ आलं तरी दार हलायचं नाही. ही बातमी आधी तुलाच सांगायची होती. इथे सांगणार तरी कोणाला? बस चालवणाऱ्यांत बाई म्हणून मी एकटीच उरले आहे.

तू गेल्यापासून मी कामावर पाणी पिणं सोडलंय. शेडच्या मागे मी बसले की तू पाठ करून उभी राहायचीस, कोणी फिरकलं तर मोठ्याने खोकायचीस. कधी उगीचच खोकून माझा जीव टांगणीला लावायचीस आणि मग त्या भोंग्यासारख्या आवाजात हसत सुटायचीस. आता तिथे एकटीने जायची छाती होत नाही. घरून आणलेली बाटली परतताना थांब्यावरच्या रोपाला ओतते. बाटली रिकामी पाहून आईला बरं वाटतं. रोपाने छान बाळसं धरलंय. मला मात्र डॉक्टरीणबाईंनी मूतखडा सांगितला. तू मला उंटीण म्हणायचीस. अगं, उंटिणीलासुद्धा कधीतरी पाणी लागतंच की.

तुझ्यावर काय गुदरलं ते मी विसरलेले नाही. अगदीच धीर धरवेना म्हणून तू पेट्रोल पंपावर बस थांबवलीस, प्रवाशांनी तक्रार केली आणि साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, गाडी काय तुमच्या माहेरची आहे का? दुसऱ्या दिवसापासून तू बिनपगारी रजेवर गेलीस. तुझ्या खुंटीवर आता कुणाचा तरी रेनकोट असतो.

त्याच साहेबांकडे मी संडासासाठी चकरा मारल्या. म्हणाले, एका बाईसाठी खोली अडवू? मग टायर कुठे ठेवू बाई, तुमच्या डोक्यावर? मी म्हटलं, एक नाही, आम्ही दोघी आहोत. दुसरी रजेवर आहे, गेलेली नाही. कसं तोंडून निघालं कोण जाणे, पण त्यांनी खोलीतले टायर हलवायला सांगितले आणि काम सुरू झालं.

आता लिहिण्याचं खरं कारण. सोमवारी तुझी रजा संपते, आणि त्याच दिवशी साहेब पाहणीला येणार आहेत. दुसरी बाई हजर नसेल तर खोलीत टायर जातील, असं त्यांनी बजावलंय. तुला न विचारता मी तुझा शब्द देऊन बसले. रागाव हवं तर, पण इथे येऊन रागाव. आज कडी लावून पाहिली, तेव्हा बाहेर कोणी उभं राहायची गरजच नव्हती. तरी सवयीने आतून हाक गेली, आहेस ना गं? बाहेर नुसती इंजिनाची घरघर. सोमवारची पहिली गाडी तुझ्या नावावर लागली आहे. मी फाटकापाशी भरलेली बाटली घेऊन उभी असेन. त्या दिवशी रोपाला थेंबही मिळणार नाही.

तुझीच,
उंटीण